शस्त्राच्या आधीं आणि शस्त्राच्या नंतर

शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रवैद्यांच्या नांवांनीं सांगितला जातो. अमक्यानें पोट प्रथम उघडलें, तमक्यानें हृदयावर प्रथम शस्त्र चालविलें, अशी ती वंशावळ असते. तिच्यांत खोटें कांहीं नाहीं. पण तिच्यांत अर्धीच हकीकत येते. शस्त्र चालतें तो वेळ तासा-दोन तासांचा. त्याच्या आधींचे कांहीं दिवस आणि नंतरचे कांहीं आठवडे ह्यांचा हिशेब त्या वंशावळींत क्वचितच सांपडतो. रोगी हिंडूंफिरूं लागतो कीं दगावतो, हें मात्र पुष्कळदां ह्या काळांतच ठरत आलें आहे. महाराष्ट्रांत घडलेल्या कांहीं गोष्टींवरून हें चांगलें दिसून येतें. आणि ज्या घरांतील माणसास शस्त्रक्रियेसाठीं इस्पितळांत न्यावें लागतें, त्या घरास ह्या इतिहासाचा थोडाबहुत उपयोगही आहे.

आपल्याकडील जुन्या वैद्यकास ह्या गोष्टीची जाण होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत कर्माचे तीन भाग पाडले आहेत: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. प्रत्यक्ष शस्त्र चालविणें हा त्यांपैकीं मधला भाग होय. शस्त्र हातीं धरण्यापूर्वीं जवळ काय काय असावें ह्याची तेथें यादीच दिलेली आहे. यंत्रें व शस्त्रें तर हवींतच. पण त्यांबरोबर कापूस, कापडाच्या पट्ट्या, दोरा, मध, तूप, पंखा, थंड व ऊन पाणी हींही हवींत, आणि मनानें मायाळू, वृत्तीनें स्थिर व अंगानें बळकट असे परिचारकही हवेत. सामान्यतः रोग्यास आधीं हलकें अन्न द्यावें, पण अडलेली बाळंतीण, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर व मुखरोग ह्यांत उपाशी पोटींच शस्त्र करावें, असें तेथें सांगितलें आहे. शस्त्रकर्मानंतर गुग्गुळ, वेखंड, पांढरी मोहरी व कडुनिंब इत्यादिकांचा धूर द्यावा. बांधलेली पट्टी तिसऱ्या दिवशीं सोडावी, घाईनें दुसऱ्याच दिवशीं सोडूं नये. पुढें एकोणिसावा अध्याय तर जखमी माणसाच्या शुश्रूषेसच दिलेला आहे. त्याची खोली कशी असावी, बिछाना कसा असावा, गोड बोलणाऱ्या मित्रांनीं जवळ बसून त्याचें मन कसें रमवावें, हें सर्व त्यांत येतें. जंतूंची कल्पना त्या काळीं नव्हती, आजच्यासारखी भूलही नव्हती. तेव्हां ह्या नियमांचें मोल वाजवीपेक्षां अधिक सांगण्याचें कारण नाहीं. परंतु शस्त्राचे दोन्ही काठ सांभाळल्याशिवाय शस्त्रकर्म पुरें होत नाहीं, ही दृष्टि त्यांत स्पष्ट आहे.

ही दृष्टि ग्रंथांतच राहिली नव्हती. ती पुण्याच्या परिसरांत अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यक्ष आचरणांत होती, ह्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत एक पत्र छापून आलें. १७९२ च्या लढाईंत कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेकडे बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं लागला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. ही क्रिया मुंबई इलाख्याच्या नोकरींतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं स्वतः पाहिली असल्याचें त्या पत्रांत नमूद आहे.

क्रिया अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा. त्याच्या कडेनें रेघ ओढून तेवढी कातडी सोडवावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवावयाची, म्हणजे रक्ताचा पुरवठा तुटत नाहीं. मग ती कातडी अर्धी पिळून खालीं आणावयाची आणि नाकाच्या कडा खरवडून तयार केलेल्या चिरेंत बसवावयाची. एवढ्यावर शस्त्राचें काम मुख्यतः संपलें. परंतु पत्र तेथें संपत नाहीं. पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पांच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक बसवीत. चार दिवस तिला कोणी हात लावीत नसे. मग ती काढून तुपांत भिजविलेलीं कापडें ठेवीत. पहिले पांच-सहा दिवस रोग्यास उताणें निजवून ठेवीत. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत. सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवी कातडी जुन्या भागाशीं एकजीव झाल्यावर, डोळ्यांमधली ती पट्टी कापीत. त्या माणसाचें जें चित्र छापलें गेलें, तें शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं, १७९४ च्या जानेवारींत काढलेलें होतें.

ह्या हकीकतींत दिवसांची मोजणी पाहण्यासारखी आहे. कापण्याचें काम एका बैठकीचें; राखण्याचें काम पंचवीस दिवसांचें. ती जोडपट्टी पांचव्या दिवशींच कापली असती, तर कपाळाची कातडी मेली असती आणि त्या माणसाचें कपाळही गेलें असतें नि नाकही गेलें असतें. १८१४ सालीं लंडनमध्यें जोसेफ कार्प्यू ह्या शस्त्रवैद्यानें हीच पद्धति वापरून नाक केलें, १८१६ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें युरोपांत ती हिंदी पद्धति ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. ज्याच्या हातांतून ती निघाली, त्या पुण्याजवळच्या कारागिराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत शस्त्रक्रियेचें स्वरूप पालटलें. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई इस्पितळ आणि ग्रँट मेडिकल कॉलेज हीं दोन्ही १८४५ सालीं सुरू झालीं. पुढच्याच वर्षीं, १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं, अमेरिकेंतील बोस्टन शहरांत ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणें दाखविण्यांत आली; १८४७ च्या नोव्हेंबरांत एडिंबरोस सिम्प्सननें क्लोरोफॉर्म वापरला. रोग्याचा आक्रोश थांबला आणि शस्त्रवैद्यास घाई करण्याचें कारण उरलें नाहीं. तथापि मृत्यूंची संख्या त्या मानानें घटली नाहीं. वेदनारहित शस्त्रक्रिया उत्तम पार पडावी, रोग्यानें शुद्धीवर येऊन पाणी मागावें, आणि चार-पांच दिवसांनीं जखमेंत पू होऊन, ताप चढून त्यानें डोळे मिटावे, असा प्रकार मोठमोठ्या इस्पितळांत नित्याचा होता. शस्त्रवैद्य वाळलेल्या रक्तानें माखलेला जुनाच अंगरखा घालून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जात आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे.

ग्लासगो येथें जोसेफ लिस्टरनें १८६५ पासून जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरण्यास आरंभ केला आणि १८६७ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यानें अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचा जो हिशेब पुढें मांडला, तो आजही वाचण्यासारखा आहे. नव्या पद्धतीपूर्वीं ३५ रोग्यांपैकीं १६ दगावले होते. नंतर ४० पैकीं ६ दगावले. हात तोच, शस्त्र तेंच, कापण्याची रीत तीच. बदल झाला तो शस्त्राआधींच्या स्वच्छतेंत आणि नंतरच्या पट्टींत. तितकीच महत्त्वाची गोष्ट ही कीं, लिस्टरनें मोजदाद ठेविली. मोजदाद नसती तर हा एका डॉक्टरचा आग्रह म्हणून विसरला गेला असता.

विसाव्या शतकांत शस्त्राआधींच्या तयारींत आणखी एक मोठी भर पडली; ती रक्ताची. कार्ल लँडस्टायनरनें १९०१ सालीं माणसांच्या रक्ताचे गट असतात हें दाखवून दिलें आणि एकाचें रक्त दुसऱ्यास देणें सुरक्षित होण्याचा मार्ग मोकळा झाला. ह्या प्रकरणांत मुंबईचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत एका नव्याच प्रकारच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें. मुंबईंतील कांहीं व्यक्तींचें रक्त नेहमींच्या तपासणींत ‘ओ’ गटाचें भासे. पण त्यांच्या रक्तद्रवांत ‘ओ’ गटाच्या रक्तासही विरोध करणारें द्रव्य आढळलें. अशा माणसास ‘ओ’ गटाचें रक्त चालेल म्हणून दिलें, तर तें त्याच्या अंगांत नाश पावतें आणि जीवावर बेततें. त्याला त्याच गटाचें रक्त मिळालें पाहिजे. ह्या गटास जगभर ‘बॉम्बे गट’ म्हणतात. भारतांत सुमारें १०,००० माणसांत एकाचें रक्त असें असतें असें सांगण्यांत येतें.

शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याचें रक्त आणि द्यावयाचें रक्त ह्यांचे थेंब एकत्र करून जुळतात कीं नाहीं हें पाहतात. पुष्कळ नातलगांस ही दिरंगाई वाटते. गट तर कार्डावर लिहिलेलाच आहे, मग पुन्हां तपासणी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. भेंडे ह्यांच्या शोधांत त्याचें उत्तर आहे. कार्डावरील अक्षर जें सांगूं शकत नाहीं, तें ही जुळणी सांगते; आणि शस्त्रक्रिया चालूं असतां तें कळण्यापेक्षां आदल्या दिवशीं कळलेलें बरें.

ह्या शोधाच्या थोडें आधीं मुंबईंत आणखी एका संस्थेचा जन्म झाला होता, आणि शस्त्राआधींच्या व नंतरच्या काळाचा विचार पुढें तिच्यांत निराळ्याच दिशेनें गेला. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. टाटांच्या विश्वस्त निधींतून परळ येथें उभें राहिलेलें टाटा मेमोरियल इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे आलें. कर्करोगावर त्या काळीं शस्त्र हाच मुख्य आधार होता. गांठ पुरी काढून टाकावी, एवढें शस्त्रवैद्याच्या हातीं. परंतु गांठ निर्दोष रीतीनें काढलेल्या स्त्रियांपैकींही कांहींजणींचा रोग चार-पांच वर्षांनीं शरीरांत दुसरीकडे डोकें वर काढी. मग शस्त्र चालण्याच्या वेळींच कांहीं पेशी सुटून जात असतील काय, आणि तसें असल्यास शस्त्र टेंकण्यापूर्वींच त्यांचा बंदोबस्त करतां येईल काय, असा प्रश्न तेथील वैद्यांपुढें उभा राहिला.

डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्याचें उत्तर मोजणीनें शोधण्याचें ठरविलें. पहिल्या प्रयोगांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारें १,००० स्त्रियांपैकीं निम्म्यांस शस्त्रक्रियेच्या कांहीं दिवस आधीं प्रोजेस्टेरॉन ह्या संप्रेरकाचें एक इंजेक्शन देण्यांत आलें. २०११ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. काखेंतील गांठींपर्यंत रोग पोंचलेल्या स्त्रियांत लाभ दिसला; पण सर्व स्त्रियांच्या एकत्रित हिशेबांत निर्णायक फरक दिसला नाहीं. जें दिसलें नाहीं तेंही त्यांनीं छापलें.

त्यानंतरचा प्रयोग आणखी साधा होता. दांत काढतांना हिरडी बधिर करण्यासाठीं जें लिग्नोकेन वापरतात, तेंच औषध पातळ करून, शस्त्र टेंकण्याच्या ७ ते १० मिनिटें आधीं, गांठीच्या सभोंवार टोंचावयाचें. रोग्यास पूर्ण भूल तर दिलेलीच असे. हें टोंचणें वेदना थांबविण्यासाठीं नव्हतें. त्यानें गांठींतील पेशींची हालचाल मंदावेल, अशी त्यामागची कल्पना होती. भारतांतील ११ कर्करोग केंद्रांतील १,५८३ स्त्रियांचा हिशेब करण्यांत आला. एका गटास हें औषध मिळालें, दुसऱ्यास मिळालें नाहीं. शस्त्रक्रिया व नंतरचे उपचार दोहोंस सारखेच. २०२२ च्या सप्टेंबरांत हा निकाल पॅरिस येथील परिषदेंत मांडण्यांत आला व पुढच्या वर्षीं छापून प्रसिद्ध झाला. पांच वर्षांनीं औषध न मिळालेल्या गटांत शेंकडा ८६.४ स्त्रिया हयात होत्या. मिळालेल्या गटांत शेंकडा ९०.१. म्हणजे शंभरांत जवळजवळ चार स्त्रिया अधिक. एका प्रयोगाच्या निकालाचा इतरत्र पडताळा पाहणें हें शास्त्राचें नेहमींचेंच काम असून तें ह्याही बाबतींत व्हावयास हवें. परंतु औषध जुनें, स्वस्त आणि लहानशा गांवच्या इस्पितळांतही मिळणारें आहे, आणि तें देण्यास नवें यंत्र लागत नाहीं, हें येथें महत्त्वाचें आहे.

जगांत इतरत्रही ह्याच सुमारास विचार ह्या दिशेनें वळत होता. डेन्मार्कमधील शस्त्रवैद्य हेन्रिक केलेट ह्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, वेदना नीट आटोक्यांत ठेवून रोग्यास लवकर खाऊं घातलें व लवकर चालविलें, तर तो लवकर बरा होतो. पूर्वीं मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर अंथरुणास खिळवून ठेवणें हीच काळजी मानली जाई. त्यानें पायांतील रक्त गोठतें आणि छातींत कफ सांचतो, हें हळूहळू ध्यानीं आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें तर केवळ एक कागद तयार केला. रोगी तोच आहे ना, शस्त्र कोणत्या बाजूस करावयाचें, कोणत्या औषधाचें वावडें आहे काय, अखेरीस कापसाचे बोळे व हत्यारें मोजून पुरीं भरलीं काय, अशा १९ गोष्टी भूल देण्यापूर्वीं, चीर घेण्यापूर्वीं आणि रोग्यास बाहेर नेण्यापूर्वीं मोठ्यानें विचारावयाच्या. दिल्लीसह आठ शहरांतील आठ इस्पितळांत हा कागद वापरून पाहिला. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आणि इतर उपद्रवांचें शेंकडा ११ वरून ७ वर आलें.

मोजणी आणि शुश्रूषा ह्यांस एका आवारांत नांदविण्याचा यत्न नव्या मुंबईंत झालेला आहे. १९७० सालीं सिडको मंडळ स्थापन होऊन ठाण्याच्या खाडीपलीकडे हें नवें शहर वसविण्यास आरंभ झाला. टाटा मेमोरियल केंद्राची परळ येथील कर्करोग संशोधन संस्था २००२ सालीं ह्या शहरांतील खारघर येथें हलविण्यांत आली आणि कर्करोगावरील उपचार, संशोधन व शिक्षण ह्यांचें प्रगत केंद्र तेथें सुरू झालें. ‘ॲक्ट्रेक’ ह्या संक्षिप्त नांवानें तें परिचित आहे. पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आणि रोग्यांचे विभाग तेथें एकाच आवारांत आहेत. रोग्याच्या खाटेशीं उठलेला प्रश्न प्रयोगशाळेंत जावा आणि तेथील उत्तर पुन्हां खाटेशीं यावें, हा त्या मांडणीचा हेतु. लिस्टरला जो हिशेब एकट्यानें मांडावा लागला, तो मांडणें हें आतां संस्थेचें नित्यकर्म झालें आहे.

परंतु संस्थेची भिंत जेथें संपते, तेथें पश्चात्कर्म संपत नाहीं. दूरच्या जिल्ह्यांतून वा परप्रांतांतून आलेल्या रोग्यास टांके निघेपर्यंत व पुढील उपचार होईपर्यंत मुंबईंत राहावें लागतें, आणि राहावयाचें कोठें हा प्रश्न औषधाइतकाच बिकट असतो. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेंत कर्करोगाचे रोगी व त्यांचे नातलग ह्यांची अत्यल्प खर्चांत सोय होते. वैद्यकाच्या ग्रंथांत ह्या धर्मशाळेची गणना होणार नाहीं. पण जेथें स्वच्छ अंथरूण, वेळचें अन्न आणि जवळ बसणारें माणूस मिळतें, तेथें सुश्रुताच्या एकोणिसाव्या अध्यायांतील बरेंचसें काम घडत असतें.

राहतां राहिलें घरच्या मंडळींचें काम. ‘उपाशी ठेवा’ ही आज्ञा कठोर वाटते. पण भूल दिल्यावर घशाची राखण सुटते आणि पोटांतील अन्न उलटून फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो, हें कळलें म्हणजे मायेपोटीं चहा-बिस्किट पुढें करणारा हात आपोआप थांबतो. चालूं असलेलीं औषधें, तंबाखू वा दारूचें व्यसन, मागें झालेली एखादी वावडी, ह्यांतलें कांहींही डॉक्टरांपासून झांकून ठेवूं नये. जखमेस हात लावण्यापूर्वीं हात धुवावे. दुखत असतां रोग्यास सोसावयास सांगूं नये. वेदनेनें तो खोल श्वास घेत नाहीं आणि उठावयास धजत नाहीं. डॉक्टरांनीं चालविण्यास सांगितलें असेल, तर ‘बिचाऱ्याला पडूं द्या’ म्हणूं नये.

ह्यांपैकीं कोणत्याच गोष्टीस मोठा पैसा लागत नाहीं. बहुधा त्यामुळेंच तिजकडे दुर्लक्ष होतें. नवीं यंत्रें विकत घेतां येतात, त्यांचीं उद्‌घाटनें होतात, देणगीदारांचीं नांवें त्यांवर कोरतां येतात. चौथ्या दिवसापर्यंत पट्टीस हात न लावण्याचा संयम, रक्ताची दुसऱ्यांदा केलेली जुळणी, चीर घेण्यापूर्वींचीं दहा मिनिटें, ह्यांचीं उद्‌घाटनें होत नाहींत. कावसजीचें नवें नाक टिकलें तें अशाच पंचवीस दिवसांच्या राखणीवर; आणि आजही शस्त्रक्रियेच्या खोलींतून परत आलेल्या प्रत्येक माणसाचें पुढलें आयुष्य पुष्कळसें त्याच राखणीवर अवलंबून आहे.